चाळीस दिवसांचा पाहुणा

गेल्या श्रावणातील एका सायंकाळी, पावसाची झड नुकतीच ओसरली असताना, सावेडीतील आमच्या निवासाच्या ओट्यावर एक कबूतर येऊन बसले. अंग भिजलेले, चोच उघडी आणि उजव्या पायात कडी. कडीवरील अक्षरे जवळजवळ पुसलेली. आम्ही त्यास तांदूळ टाकले, पाणी ठेविले. पाखराने दाणे टिपले, परंतु उडून जाण्याचे नाव घेईना. तेव्हा आम्हांस आमच्या एका वेदीसेवकाची आठवण झाली.

पाइपलाइन रोडलगत राहणाऱ्या या चौदा वर्षांच्या मुलाने वडिलांच्या मागे लागून गच्चीवर ढाबळ बांधून घेतली आहे. शर्यतीच्या कबुतरांचा त्याला ध्यास. अंड्यांवर सतरा-अठरा दिवस नर-मादी आळीपाळीने कशी बसतात, दोघेही आपल्या गळ्यातील दुधासारखा पदार्थ पिलांना कसा भरवितात, हे त्यानेच आम्हांस शिकविले. या वर्षीची अकरा पिले तो वडिलांच्या रिक्षातून आधी केडगावला व मग सुप्यापर्यंत नेऊन सोडीत असे, आणि ती घरी परतली की आम्हांस फोन करीत असे. एकदा आम्ही त्याला सांगितले की, आपल्या नगरच्या किल्ल्यात १९४२ ते १९४५ पर्यंत बंदिवासात राहिलेल्या पंडित नेहरूंनी पुढे १९४८ साली संबळपूरहून कटकला आपला निरोप ओडिशा पोलिसांच्या कबुतराकरवी पाठविला होता. तेव्हापासून ढाबळीतील सर्वांत चपळ पिलाचे नाव ‘पंडितजी’ पडले.

तर ते भिजलेले पाखरू आम्ही त्याच्या स्वाधीन केले. त्याने ते उराशी धरून नेले व इतरांसोबत ढाबळीत ठेविले. पुढील रविवारी हरवलेल्या मेंढराच्या दाखल्यावर बोलताना आम्ही नाव न घेता या मुलाचे कौतुकही केले. सारे चर्च त्याच्याकडे वळून पाहत होते. आमच्या प्रवचनांत इतके चपखल उदाहरण क्वचितच सापडते, हे आम्ही मनातल्या मनात नोंदविले होते. असो.

सोमवारी पिलांनी दाणा सोडला. गळ्याखालची पिशवी पाण्याने फुगलेली, ओकाऱ्या, हिरवट पातळ विष्ठा, पिसे फुलवून कोपऱ्यात बसणे. मुलगा घाबरून आमच्याकडे आला. आम्ही काय करावे? आमच्या खोकल्यासाठी आणलेल्या प्रतिजैविकाच्या चार गोळ्या कपाटात उरल्या होत्या, त्या काढून दिल्या! पाण्यात विरघळवून पाज, म्हणून सांगितले. गुरुवारपर्यंत सात पिले गेली. त्यांत ‘पंडितजी’ही होता.

पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टरांनी प्रथम विचारले ते माना वाकड्या झाल्या होत्या काय. कोंबड्यांच्या मानमोडीचा भाऊबंद असलेला विषाणू कबुतरांनाही गाठतो. माना सरळ होत्या. सांधे सुजून पंख लोंबत होते काय? तेही नव्हते. मग त्यांनी समजावले की ही तरुण पिलांचीच व्याधी दिसते. नेमके कारण सांगण्यास प्रयोगशाळेची तपासणी हवी, आणि मेलेली पिले तर मुलाने आधीच पुरली होती. अनेक वर्षे या रोगाचा दोष एका विषाणूवर व त्याच्या पाठोपाठ आतड्यांत माजणाऱ्या जिवाणूंवर ठेविला जात असे. २०१६ साली ऑस्ट्रेलियात शर्यतीच्या कबुतरांत मोठी साथ आली, तेव्हा रोगी पक्ष्यांत रोटा विषाणू आढळला. २०२० साली जर्मन संशोधकांनी निरोगी पिलांना तोच देऊन व्याधी उत्पन्न करून दाखविली. प्रतिजैविक जिवाणूंना आवरते, विषाणूस त्याचे काहीच वाटत नाही. आजारी पिलांना वेगळे काढून ऊब द्यावी, दाणा दिवसभर बंद ठेवावा, मीठ-साखरेचे पाणी द्यावे आणि मग थोडा हलका दाणा. औषध मात्र वैद्याच्या सल्ल्याने.

रोटा हा शब्द ऐकून आम्ही चमकलो. गुरुविद्यालयात लॅटिन शिकताना रोटा म्हणजे चाक हे पाठ केले होते, आणि विवाहांच्या खटल्यांमुळे रोममधील रोटा न्यायालयाचे नाव तर आम्हा धर्मगुरूंच्या कानी नेहमीच पडते. सूक्ष्मदर्शकात चाकासारखा दिसतो म्हणून त्या विषाणूस हे नाव. १९७३ साली मेलबर्नमध्ये रूथ बिशप व त्यांच्या सहकाऱ्यांना तो जुलाबाने आजारी बालकांच्या आतड्यांत सापडला होता. आपल्या देशात त्याविरुद्धचा डोस बालकांच्या सरकारी लसीकरणात आला तो २०१६ सालीच. आमच्या धर्मग्रामातील माता दवाखान्यात बाळाच्या तोंडात ते थेंब पाडून घेतात. पाखरांतील प्रकार निराळा, पण कूळ तेच.

झेंडीगेटकडचे एक वृद्ध कबूतरबाज चाचा मुलाच्या ओळखीचे. त्यांच्याकडे आम्ही दोघे गेलो. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि विचारले, “नया पंछी कितने दिन अलग रखा था?” मुलगा खाली पाहू लागला. “फादर, चालीस दिन. मेरे वालिद भी यही करते थे.” व्हेनिसच्या बंदरात प्लेगच्या भयाने गलबते चाळीस दिवस रोखून धरीत, त्यावरूनच ‘क्वारंटाइन’ शब्द आला, हे आम्हांस वाचून ठाऊक होते. चाचांना ते वाचण्याची गरज पडली नव्हती.

परतताना मुलगा रिक्षात म्हणाला, “फादर, ते पाखरू आणलं नसतं तर?” ते पाखरू तर ठणठणीत होते! बरे झालेला पक्षी कित्येक आठवडे विष्ठेतून रोग पसरवू शकतो, हे डॉक्टरांनी सांगितलेच होते. आम्ही त्याला म्हटले, ते तू आणले नाहीस, आम्ही तुझ्या हाती दिले, आणि वेगळे ठेव असे सांगितलेही नाही. तो काही बोलला नाही. पुढील दोन रविवार तो वेदीसेवेस आला नाही. त्याच्या आईने सांगितले की, चर्चमध्ये सगळे बघतात म्हणून त्याला लाज वाटते. तिसऱ्या रविवारी आम्ही प्रवचनाच्या आरंभी मागील कौतुकाची दुरुस्ती केली: दाखला खरा होता, मात्र सल्ला आमचा चुकला आणि सात पिलांची किंमत एका मुलाने मोजली. लोक थोडे हसले. तो मागच्या बाकावर होता, हे आम्हांस नंतर कळले.

ढाबळ त्याने खरवडून, ब्लीचिंगच्या पाण्याने धुऊन उन्हात वाळविली आहे. उरलेल्या चार पिलांपैकी एकाचे वजन अद्याप भरत नाही. पाहुणा पक्षी आता आमच्या ओट्यावर पिंजऱ्यात आहे. आमचा स्वयंपाकी विष्ठेवरून कुरकुरतो, म्हणून पहाटेच्या मिस्सेपूर्वी तोंडाला फडके बांधून पिंजऱ्याखालचा कागद आम्हीच बदलतो आणि साबणाने हात धुतो. मुलगा सायंकाळी येतो, दुरूनच पाहतो आणि भिंतीवरील दिनदर्शिकेवर एक फुली मारून जातो. आज सव्विसावी होती.