पहिलटकरणीला पत्र

इस्लापूर,
कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी

चि. धाकटीस,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "अक्का, कळा येतात म्हणजे नेमकं काय होतं गं?" मी तोंड उघडायच्या आत आईनं फोन घेतला. "होतं सगळं आपोआप. तू पोटभर जेव," म्हणाली. फोन ठेवल्यावर माझ्यावर रागावली, "तिला उगी भेव कशाला घालायलीस?" तुझा प्रश्न मात्र तसाच राहिला. पुढच्या महिन्यात तू बाळंतपणाला माहेरी येशील, त्याआधी हे तुझ्या हातात असावं म्हणून लिहायला बसले.

अकरा वर्षांपूर्वी मीही पहिलटकरीण होते. एका रात्री याच घरात, मधल्या खोलीत, झोपेत माझं अंथरूण ओलं झालं. मला वाटलं, मला लघवी आवरली नाही. लाजेनं मेल्यासारखं झालं. साडी बदलली, चादर गुंडाळून कोपऱ्यात सारली आणि गप पडून राहिले. पहाटे आईच्या हाती ती चादर लागली तेव्हा घरात धावपळ उडाली. माझी पाणमोट फुटली होती. बाळ सुखरूप आलं. पण लाजेपायी घालवलेले ते चार-पाच तास आठवले की अजून अंगावर काटा येतो.

'पाणी जाणं' हा शब्द मी शंभरदा ऐकला होता. ते जातं तेव्हा कसं वाटतं, हे कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून तुला आधी हेच सांगते. पाणी कळांच्या आधीही जाऊ शकतं. दर वेळी ते सहस्रकुंडाच्या धबधब्यासारखं धो धो येत नाही, कधी नुसतं झिरपत राहतं. लघवी रोखता येते, हे रोखता येत नाही. वेळ बघून ठेवायची, रंग बघायचा आणि कळा असोत नसोत, लगेच दवाखाना गाठायचा. पाणी गेलं की बाळाभोवतीचं कवच जातं आणि जंतूंना वाट मिळते. पाणी हिरवट दिसलं तर बाळानं पोटात शी केलेली असते, मग तर क्षणभरही थांबायचं नाही. रक्त जायला लागलं, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा बाळाचं हलणं कमी वाटलं, तरी तसंच. १०८ ला फोन करायचा. रात्र आहे, लोक काय म्हणतील, असला विचार मनात आणायचा नाही.

आता तारखेचं. आपल्या म्हाताऱ्या 'नऊ महिने नऊ दिवस' म्हणतात. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने सात दिवस मिळवतात, म्हणजे २८० दिवस. दोन्ही हिशेब किती जवळचे आहेत बघ! पण नेमकं त्याच दिवशी येणारं बाळ विरळाच. तारीख उलटली की शेजारणी विचारून विचारून जीव खातील. त्यांना उत्तर देत बसू नकोस, फक्त तपासणी चुकवू नकोस.

शेवटच्या महिन्यात खोट्या कळाही येतात. थोडं चाललं, कूस बदलली की त्या निवतात. खऱ्या कळा निवत नाहीत. त्या बहुधा कमरेतून निघून ओटीपोटात उतरतात, नेमानं येतात, मधलं अंतर कमी होत जातं, जोर वाढत जातो. पण दोन कळांच्या मध्ये विसावा असतो, धाकटे. मला वाटायचं, दुखणं एकदा सुरू झालं की बाळ येईपर्यंत थांबतच नाही. त्या भीतीनं मी मधल्या वेळातही दात आवळून पडले होते आणि निम्मी ताकद तिथंच घालवली. तू तसं करू नकोस. कळ गेली की अंग सैल सोड, घोटभर पाणी पी, चाल.

पहिल्या खेपेला वेळ लागतो. गर्भाशयाचं तोंड १० सेंटिमीटर उघडावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ साली सांगितलं आहे की ५ सेंटिमीटरपर्यंत पोचायला किती तास लागावेत याला ठरलेलं माप नाही, आणि त्यापुढेही पहिलटकरणीला १२ तासांपर्यंत लागू शकतात. माझ्या वेळी सहाव्या तासाला कुणीतरी येऊन "ही नीट कळच देत नाही" म्हणून गेलं आणि मी स्वतःलाच दोष देत राहिले. माझं काहीच चुकत नव्हतं. बाईला हवं ते माणूस प्रसूतीच्या वेळी जवळ असावं, असंही त्याच संघटनेनं म्हटलं आहे. आपल्या सरकारी दवाखान्यांसाठी २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'लक्ष्य' कार्यक्रमातही ही सोबत धरलेली आहे. मी आधीच विचारून ठेवणार आहे. तुझ्याजवळ मी असेन.

सिझर करावं लागलं तर तू कमी पडलीस असं समजू नकोस. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली साधारण चारातली एक प्रसूती सिझरनं झालेली दिसते. कारण मात्र विचारायचं. अंग तुझं आहे, विचारण्यात उद्धटपणा नाही.

मला आनंदीबाई जोशी फार आठवतात. चौदाव्या वर्षी त्या आई झाल्या आणि बाळ दहा दिवसच जगलं. पुढे १८८६ साली त्या अमेरिकेत डॉक्टर झाल्या, तेव्हा प्रबंधाला विषय निवडला तो आपल्याकडच्या प्रसूतिशास्त्राचा. जे सोसलं तेच त्यांनी अभ्यासाला घेतलं. आणि आपण अजून माजघरात दार लोटून कुजबुजतो.

बाळ आलं की संपलं, असंही नाही. मग वार पडते. बाळाला पहिल्या तासाभरात छातीशी घ्यायचं. पिवळसर चीक पिळून टाकायचा नाही, मध-घुटी चाटवायची नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कारण नसताना रडू येईल. तेव्हा तू वाईट आई आहेस असं मनात आणू नकोस. पुष्कळ जणींना येतं आणि ओसरतं. दोन आठवडे होऊनही ओसरलं नाही तर मला सांग, आपण डॉक्टरांकडे जाऊ.

इथवर लिहून मी पत्र आईला वाचून दाखवलं. ती कापसाची बोंडं सोलत होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "एक राहिलं. बाळ झाल्यावर अंग लई कापतं, तेबी लिही. तुझ्या वेळी मला वाटलं, मी मरायले. सगळ्या तुला गुंडाळायच्या मागं होत्या. माझ्या अंगावर कुणी काही घातलं नव्हतं."

चाळीस वर्षांत ती हे पहिल्यांदा बोलली. आज दुपारी तिनं जुनी लुगडी काढून वाकळ शिवायला घेतली आहे. दुपटी कधीच झाली. ही तुझ्यासाठी आहे.

तुझी,
अक्का