सोळा संगणक आणि एक कबुली

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी शाळेचा रस्ता काही सुटत नाही. २०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीतली ही गोष्ट. एका कार्यालयाने वापरून झालेले सोळा संगणक शाळेला दिले होते. चालू होते, पण आत काहीच नाही, कोरी पाटी! पुण्यात सर्व्हरची कामं करणारा माझा एक जुना विद्यार्थी म्हणाला, "बाई, सुट्टीत दोन दिवस येतो आणि सगळ्यांवर लिनक्स टाकून देतो." आणि खरंच आला.

मला वाटलं, आता हा सोळा वेळा सीडी घालत बसणार. तर नाही! त्याने एका जास्तीच्या संगणकाला सर्व्हर केलं आणि त्यावर 'कॉबलर' नावाचं सॉफ्टवेअर बसवलं. "कॉबलर म्हणजे मोची ना रे?" मी विचारलं. "हो बाई, बूट करून देतो ना!" विनोद कळायला मला दोन मिनिटं लागली.

मग त्याने मला समजेल अशा भाषेत सांगितलं. कोरा संगणक चालू झाला की नेटवर्कवर हाळी देतो, "मी नवा आहे, मला कुणी नंबर देता का?" सर्व्हरवरचा डीएचसीपी त्याला नंबर देतो आणि सोबत सांगतो, फाइल कुणाकडे मागायची आणि तिचं नाव काय. मग टीएफटीपीने ती छोटी फाइल येते आणि पुढचं सगळं आपोआप होतं. म्हणजे शाळेचा पहिला दिवसच की! हजेरी क्रमांक घ्या, वर्ग विचारा, जाऊन बसा.

पहिला दिवस जुळवाजुळवीत गेला. 'कॉबलर चेक' असा हुकूम दिला की ते काय काय चुकलंय त्याची यादीच देतं, हे मला फार आवडलं. सर्व्हरचा पत्ता १२७.०.०.१ असाच राहिला होता. त्याचा अर्थ 'मी स्वतः'. म्हणजे फाइल कुणाकडे मागू, तर स्वतःकडेच! तो पत्ता दुरुस्त केला, 'कॉबलर सिंक' केलं, आणि संध्याकाळी एक संगणक झकास चालू झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेले पंधरा एकदम लावले. सहा चालले, नऊ अडले. पडद्यावर 'पीएक्सई-ई५३: नो बूट फाइलनेम रिसीव्हड'. त्याने वायरी बदलल्या, फायरवॉल बंद केली, टीएफटीपी पुन्हा सुरू केलं. पुन्हा लावावं तर मघाशी अडलेला चालायचा आणि भलताच अडायचा. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तो वैतागला. मुख्याध्यापकांना म्हणाला, "नेटवर्क कार्डं जुनी आहेत, नवी घ्यावी लागतील." वर्गणी कुणाकडे मागायची, याची चर्चाही सुरू झाली.

माझं इंग्रजी बेताचं, म्हणून मी एकेक शब्द लावत वाचते. "अरे, यात उत्तरच आलं नाही असं कुठे म्हटलंय? फाइलचं नाव आलं नाही, एवढंच म्हटलंय. मग नंबर कुणी दिला याला?"

तो थांबला. टीसीपीडंप नावाची काहीशी आज्ञा देऊन बघत बसला. "बाई, हाळी एक आणि उत्तरं दोन येताहेत! एक आपल्या सर्व्हरचं. दुसरं १९२.१६८.१.१ वरून, त्यात नुसताच नंबर आहे. ते आधी पोचलं की कार्ड तेच धरून बसतं. कोण आहे हा दुसरा?"

आणि माझ्या पोटात गोळा आला. आदल्या संध्याकाळी निघताना मीच घरचा जुना राउटर आणून कपाटामागे स्विचला जोडला होता. त्याच्या फोनला इथे रेंज नव्हती, म्हणून. राउटरही नंबर वाटतो, हे मला कुठे माहीत!

खरं सांगते मंडळी, पहिला विचार आला तो गुपचूप वायर काढण्याचा. सगळं चाललं असतं, कुणाला कळलंही नसतं. मी उठलेही होते. पण मग दोष कार्डांवरच राहिला असता.. वड्याचं तेल वांग्यावर! आणि तो पोरगा, काल बिघडलेलं आज आपोआप का सुधारलं, याचा उलगडा न होताच पुण्याला गेला असता. वर्गात फळा कुणी खराब केला, हे आयुष्यभर दरडावून विचारणारी मी.

"मी जोडलाय रे तो," मी म्हटलं.

तो हसला. "बाई, चूक माझी. कालपासून आजपर्यंत इथे काय बदललं, हा पहिला प्रश्न मी विचारायला हवा होता. विचारलाच नाही."

राउटर परत पिशवीत गेला. चार वाजेपर्यंत सगळे संगणक चालू झाले. कार्डं जुनीच आहेत आणि उत्तम आहेत.

बिघाड नुसता नाहीसा होणं आणि बिघाड सापडणं यांत केवढा फरक आहे! आणि तो सापडायला हुशार माणूस लागतो तसा 'मी केलं' म्हणणाराही लागतो. मला हे सत्तरीनंतर कळलं.

असो. त्या राउटरवर आता माझ्याच अक्षरात चिठ्ठी आहे: 'विचारल्याशिवाय जोडू नये.'