चार बोटांचें अंतर

गतवर्षीं श्रावणांत कोल्हापुराहून आंबा घाटानें रत्नागिरीस जाण्याचा योग आला. भाच्यानें मोटारीस सभोंवार शोभेची झालर बसविली होती. तिच्या व भूमीच्या मध्यें जेमतेम चार बोटें अंतर उरलें होतें. घाट सोपा, अवघड गेले ते गांवोगांवचे गतिरोधक! इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानाप्रमाणें वाटोळा गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच, परंतु 3.7 मीटर रुंद असावा. अशा ऐसपैस उंचवट्यावरून ठेंगणी गाडीही हळूहळू निभावते. मलकापुराअलीकडे एका खेड्यापाशीं भेटला तो मात्र हातभर रुंदीचा डांबराचा ढीगच.

“मामा, तुम्ही जरा उतरतां का? आजी बसूं दे.”

ओझें घटलें कीं गाडी बोटभर उचलते. पण आईच्या गुडघ्यांस उतरणें झेपणारें नव्हतें. ब्रेक दाबल्यास गाडीचें नाक खालीं जातें, म्हणून त्यानें तो आधींच सोडला व गाडी तिरपी घातली. एकेक चाक चढलें, पुढली कड वांचली. बाजूची मात्र खर्रकन घासली.

“माझ्या वजनानें लागली का रे?” आईनें विचारलें. तो कांहींच बोलला नाहीं.

साखरप्यास चहा झाल्यावर त्यानें स्क्रू काढले. पुढला प्रवास झालरीनें डिकींतून केला.