चारशे शब्दांत भूत!

अहो, ऐका! हातातलं काम ठेवा बाजूला, ते कुठे पळून जात नाही. मला एक घबाड सापडलंय आणि ते माझ्या एकट्याच्या पोटात काही केल्या राहत नाहीये!

आधीच सांगून टाकतो, मी इंग्रजीचा मास्तर नाही. विमा एजंट आहे. प्रीमियम, बोनस, मॅच्युरिटी, नॉमिनी एवढंच माझं इंग्रजी, आणि तेही फॉर्म भरण्यापुरतं. आमचे आजोबा तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोकून साहेबाला अर्ज लिहायचे म्हणे, पण ते इंग्रजी त्यांच्याबरोबरच गेलं. तेव्हा कुणी प्राध्यापक चुकून इथवर आले असतील तर त्यांनी कृपया पान उलटावं. बाकीच्यांनी जरा जवळ सरका!

तर झालं असं, की रद्दीच्या दुकानात एक पुस्तक मिळालं. एवढंसं! करंगळीहून बारीक! नाव ‘द मंकीज पॉ’, म्हणजे माकडाचा पंजा. डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्स नावाच्या इंग्रज लेखकाची १९०२ सालची भुताची गोष्ट, पण सोपी करून पुन्हा लिहिलेली. ऑक्सफर्डच्या ‘बुकवर्म्स’ मालिकेतली. आणि त्यावर छापलेलं काय, तर पहिली पातळी, चारशे शब्द! म्हणजे पुस्तकाची लांबी चारशे शब्द नव्हे बरं का! शब्दांचं भांडवल चारशेचं, आणि तेच शब्द खेळवत खेळवत अख्खी गोष्ट! चारशे शब्दांत भूत उभं करायचं! आमचा पॉलिसीचा कागद बघा, चार हजार शब्द असतात आणि शेवटपर्यंत काही उभं राहत नाही.

आणि गोष्ट तरी कसली! एक म्हातारा, त्याची बायको, तरुण मुलगा, गावाबाहेरचं घर, बाहेर वारा. एक सार्जंट मेजर पाहुणा येतो, तो आलेला असतो कुठून? भारतातून! त्याच्या खिशात माकडाचा वाळका पंजा, आणि तो मंतरलेला कुणी? आपल्याकडच्या फकिराने! मी एसटी स्टँडवर बसून वाचत होतो आणि तिथेच मोठ्याने ‘अरे वा’ म्हणालो. शेजारच्या आजी दचकल्या. तीन इच्छा पूर्ण होणार असतात, म्हातारा दोनशे पौंड मागतो, आणि मग दुसऱ्या दिवशी मुलगा कामाला जातो, आणि मग कारखान्याचा माणूस दारात येतो, आणि मग तो सांगतो की मुलगा यंत्रात सापडला, आणि मग म्हणतो आमची जबाबदारी काही नाही पण भरपाई म्हणून कंपनी अमुक रक्कम देतेय, आणि रक्कम किती? दोनशे पौंड! अहो, मी क्लेमचे चेक पोचवणारा माणूस! माझ्या अंगावर सर्रकन काटा आला! अजून दोन इच्छा शिल्लक होत्या, रात्री दार वाजणार होतं, आणि माझी गाडी फलाटावरून निघून गेली. जाऊ दे! पुढची आहेच!

सगळं पुस्तक संपवलं. मी! इंग्रजी पुस्तक! डिक्शनरीशिवाय! शाळेत असताना हे कुणी हातात का दिलं नाही हो?

आणि मग अर्थातच तडक ताईकडे गेलो, कारण तिथे भाची आहे, आणि भाची आठवीत आहे, मराठी माध्यमात. तिचं इंग्रजीचं पुस्तक तुम्ही पाहायलाच हवं. एक धडा उघडून बघा. प्रत्येक ओळीच्या डोक्यावर पेन्सिलीने बारीक अक्षरात मराठी अर्थ. इतके अर्थ, की खालची इंग्रजी ओळ शोधावी लागते! बाई एकेक शब्द फळ्यावर लिहितात, मुलं तो उतरवतात, धडा ‘झाला’ की प्रश्नोत्तरं, प्रश्नोत्तरं झाली की पाठांतर. बाई तरी काय करणार, पोर्शन संपवायचाय. आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे ही पोरगी पहिलीपासून आठवीपर्यंत इंग्रजी शिकतेय! चारशे शब्द? अहो, ते तिच्याकडे केव्हाचेच आहेत! फक्त त्या चारशे शब्दांत वाचण्यासारखं काही असतं हे तिला कुणी सांगितलेलंच नाही!

मी पुस्तक पुढे केलं. तिने आधी शेवटची पानं उघडली. “मामा, याचे प्रश्न कुठेत?” होते हो, मागे स्वाध्याय होते! मी ती पानं गोळा केली आणि त्यांना रबर लावून टाकलं. “प्रश्न नाहीत,” म्हटलं. “मग परीक्षेला?” “परीक्षा नाही.” “मग कशाला वाचायचं?” “भूत आहे.” गेली ना पुस्तक घेऊन आतल्या खोलीत! आणि रात्री ताईचा फोन, काय दिलंयस रे पोरीला, बाथरूमला एकटी जात नाहीये! यशस्वी! इंग्रजीत घाबरली! मराठीत अर्थ न लिहिता घाबरली!

आता मला स्वस्थ बसवेना. हे असलं सोपं पुस्तक काढायची अक्कल पहिल्यांदा कुणाला सुचली, म्हणून शोधत गेलो, आणि मग थेट ढाक्याला पोचलो! होय, ढाका! मायकेल वेस्ट नावाचा एक साहेब. ब्रिटिश सरकारच्या शिक्षण खात्यातला, १९१२ च्या सुमाराला इकडे आलेला, ढाक्याच्या टीचर्स ट्रेनिंग कॉलेजचा प्राचार्य. माझी समजूत, असल्या कल्पना लंडनच्या थंडीत शेकोटीशी बसून निघत असणार. छे! बंगालच्या घामात निघाली, आणि बंगाली मुलांना डोळ्यांसमोर ठेवून निघाली!

वेस्टने पाहिलं काय, तर मुलं वर्षानुवर्षं इंग्रजी शिकतात आणि त्यातली बरीचशी मधेच शाळा सोडतात. सोडताना हातात काय? काही नाही! आणि मग १९२६ साली त्याने बंगालमधल्या या दुभाषिक शिक्षणावर जे जाडजूड पुस्तक लिहिलं त्यात तो चक्क विचारतो, की या शिक्षणाची सरेंडर व्हॅल्यू किती? सरेंडर व्हॅल्यू!! माझा शब्द! पॉलिसी मधेच मोडली तर हातात किती पडतात, ती सरेंडर व्हॅल्यू! म्हणजे आठवीत शाळा सुटलेल्या पोराच्या पदरात इंग्रजीचं नेमकं काय पडलं? मी खुर्चीतून उठून घरभर फिरलो. बायको म्हणाली, “कुणाची पॉलिसी लॅप्स झाली?”

त्याचं म्हणणं असं, की सगळ्यात लवकर पदरात पडणारी गोष्ट म्हणजे वाचन. बोलायला समोर माणूस लागतो, आणि खेड्यातल्या बंगाली पोराला इंग्रजी बोलायला माणूस मिळणार कुठून! वाचायला एक पुस्तक पुरतं. आणि मग तो शाळेतली वाचनाची पुस्तकं घेऊन बसला आणि शब्द मोजायला लागला. (मला हा माणूस का आवडला ते आलं ना लक्षात? आकडेमोड!) त्याला दिसलं की नवे शब्द नुसते धबाधबा कोसळतायत, एक पचायच्या आत दुसरा. त्यात कितीतरी जुनाट, कवितेतले, बाजारात कुणी वापरत नाही असे. मग त्याने काय केलं? जुनाट शब्द काढून रोजचे घातले, आणि नवा शब्द आणायचा तो पन्नास-साठ ओळखीच्या शब्दांमागे एखादाच! आणि आला की त्याला लगेच पुन्हा पुन्हा भेटवायचं! लाँगमन्सने ही ‘न्यू मेथड’ वाचनमाला छापली. इतकं साधं! सासरी आलेल्या सुनेला एका दिवसात दोनशे नातेवाइकांची नावं सांगू नयेत, एवढीच ही अक्कल!

थांबा, थांबा, उठू नका, खरी गंमत पुढेच आहे! २००० साली, म्हणजे बंगालनंतर पाऊणशे वर्षांनी, पॉल नेशन नावाचे संशोधक आणि त्यांच्या एका सहकारी बाईंनी तपासून पाहिलं, की मदत न घेता गोष्ट आरामात समजायला किती शब्द ओळखीचे लागतात. उत्तर आलं, शंभरात सुमारे अठ्ठ्याण्णव. म्हणजे अनोळखी किती? पन्नासात एक! तोच आकडा! हे वाचून मी ताईकडे जाऊन भाचीच्या पाठ्यपुस्तकातले पेन्सिलचे अर्थ मोजले. पन्नासात एक कसला, ओळीत दोन-दोन! त्याला वाचन नाही म्हणत हो, ते खोदकाम. धड्यात खोदकाम जरूर करा, तेही लागतं, परीक्षा काही मी रद्द करू शकत नाही. पण नुसतं खोदत बसलं तर पोर चालणार कधी?

आणि वेस्टची डिक्शनरी! १९३५ ची! चोवीस हजारांच्या आसपास शब्द-वाक्प्रचारांचे अर्थ, आणि ते सगळे अर्थ सांगायला वापरलेले शब्द किती? १४९०! पंधराशे नाही, चौदाशे नव्वद! दहा शब्द वाचवताना तो माणूस रात्रभर जागला असेल असं मला उगीचच वाटतं. नाहीतर आपल्या डिक्शनऱ्या, एका शब्दाचा अर्थ बघावा तर त्या अर्थातले तीन शब्द पुन्हा बघायचे!

आता एक प्रयोग करा. आत्ता! पुस्तक घ्या. १९६० साली वेस्टने अडचणीतल्या वर्गांसाठी एक पुस्तक लिहिलं. अडचणीतला वर्ग म्हणजे कोणता, तर चाळीस-पन्नास मुलं, बाकांवर दाटीवाटी, उकाडा, आणि शिक्षकाचं इंग्रजी बेताचं. वाचून मला वाटलं हा आमच्या शाळेत येऊन गेला की काय! तर त्यात एक युक्ती आहे. ओळीचा एक तुकडा डोळ्यांनी घ्यायचा, मान वर करायची, समोरच्या माणसाकडे बघायचं, आणि मगच तो तुकडा बोलायचा. पुस्तकात बघत बोलायचं नाही! बास, एवढंच!

भाचीला ओट्याशी उभं केलं. समोर ताई, भाकरी थापतेय. भाचीने पुस्तकात पाहिलं, मान वर केली, तोंड उघडलं आणि अडकली. पुन्हा पाहिलं. पुन्हा वर. आणि मग ताईच्या डोळ्यांत बघून, त्या म्हाताऱ्याचं वाक्य, सलग! ताईचा हात थांबला. “माझ्याशी बोलतेय की काय ही?” तेच तर! मघापर्यंत जी पोरगी वाचताना एकेका शब्दावर बोट ठेवून ठेचकाळत होती, ती बोलत होती! डोळे आणि तोंड यांच्यामध्ये ते वाक्य क्षणभर डोक्यात धरून ठेवावं लागतं, आणि धरायचं तर ते समजावं लागतं. घोकंपट्टीला तिथे जागाच नाही! भाकरी थोडी करपली. त्याला इलाज नाही.

वेस्टवर टीका झाली, की याने बोलण्याकडे दुर्लक्ष केलं. बरोबरच आहे. आज आमच्या भाचीला कॉल सेंटरपासून कॉलेजच्या मुलाखतीपर्यंत सगळीकडे तोंड उघडावं लागणार. पण रिकाम्या टाकीचा नळ किती फिरवाल? आणि नुसत्या वाचनाने बाकीचं काही येत नाही असंही नाही! फिजीमध्ये १९८० च्या सुमाराला वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगुभाई या दोघा संशोधकांनी खेड्यांतल्या शाळांत पुस्तकांचा पूर आणला. वर्गामागे अडीचशे गोष्टींची पुस्तकं, चित्रांची, मजेची. चौथी-पाचवीची मुलं, म्हणजे आमच्या भाचीपेक्षा लहान, आणि त्यांतली बरीच तिकडे स्थायिक झालेल्या भारतीयांची! काही वर्गांत बाई वाचून दाखवत, काही वर्गांत मुलं गुपचूप आपापली वाचत. पहिल्या वर्षाअखेर दोन्हीकडच्या मुलांची वाचनातली प्रगती नेहमीच्या जवळजवळ दुप्पट वेगाने! आणि दुसऱ्या वर्षी तर लिहिण्यातही फरक, बोलण्यातही, व्याकरणातही! व्याकरण!! गोष्टी वाचून!!

“पण सोपं करून लिहिलेलं म्हणजे पाणी घातलेलं दूध,” असं आमचे शेजारचे निवृत्त सर म्हणाले. मी त्यांच्यापुढे काय बोलणार! मी फक्त पुस्तक त्यांच्या टीपॉयवर ठेवून आलो. दुसऱ्या दिवशी परत मागायला गेलो तर म्हणाले, थोडं राहिलंय.

आता तुम्ही यात आलाच आहात, तर कामाला लागा. रद्दीवाल्याला सांगून ठेवा, बारीक पुस्तकं बाजूला काढ. वर पातळी छापलेली असते, चारशेच्या पुढे सातशे, मग हजार, पोराला एक पायरी खालचीच द्या, वरची नको. पैसे घालायचे नसतील तर प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर आहे, २०१५ पासून फोनवर फुकट, चार पातळ्या, मराठीतही आणि इंग्रजीतही. भाची हल्ली एकच गोष्ट आधी इंग्रजीत वाचते आणि अडली तरच मराठीत डोकावते. गोष्ट कंटाळवाणी निघाली तर तिसऱ्या पानावर सोडायची पूर्ण मुभा! पेन्सिल मात्र घरात दिसता कामा नये.

आणि अजून एक. भाचीच्या शाळेत एक लोखंडी कपाट आहे. काचेतून मी स्वतः पाहिलंय, खालच्या कप्प्यात इंग्रजी गोष्टींचा गठ्ठा आहे, सुतळी अजून सोडलेली नाही! किल्ली कुणाकडे आहे ते शिपाईकाकांना माहीत आहे, आणि शिपाईकाकांची पॉलिसी माझ्याकडे आहे! सोमवारी हप्ता घ्यायला जातोय. तुम्ही फक्त पिशवी घेऊन फाटकाशी उभे राहा!