दीड सूत

ओहायोतल्या माझ्या गॅरेजात जुन्या कब कॅडेट बाग-ट्रॅक्टरांची दोन कोहलर इंजिनं उघडी पडली होती. एक के-२४१, १० एचपीचं, दुसरं के-३०१, १२ एचपीचं. दोन्ही बिडाची, एका सिलिंडरची. दहाच्या क्रँकची पिन झिजून लंबगोल झालेली, बाराचा ब्लॉक फुटका. आंधळ्या-पांगळ्याची जोडी जमवायची ठरवलं.

बाराचा क्रँक दहाच्या ब्लॉकात घातला. काउंटरवेट एका जागी घासत होतं, तिथं ग्राइंडर फिरवला. क्रँकपिन दोन्हीकडे १.५ इंचाचीच, त्यामुळे दहाचा रॉड बिनतक्रार चढला. मी खूश. मग हेड चढवायच्या आधी, निव्वळ सवयीनं, फ्लायव्हील हातानं फिरवलं. पिस्टन वर आला, ब्लॉकच्या पातळीला लागला आणि थांबायचं सोडून बाहेर डोकावला.

खरं तर हिशोब आधीच करायला हवा होता. दहाचा स्ट्रोक २.८७५ इंच, बाराचा ३.२५. फरकातला निम्मा वरच्या टोकाला जातो, म्हणजे तीन षोडशांश इंच. मी लेथ शिकलो कोल्हापूरच्या उद्यमनगरात; तिथल्या भाषेत दीड सूत. हेड आवळून स्टार्टर मारला असता तर पिस्टन थेट हेडवर आदळला असता.

हेच के-३०१ आणि १४ एचपीच्या के-३२१ मध्ये असतं, तर स्ट्रोक एकच, बोअरमध्ये फक्त एक सुताचा फरक. म्हणून बाराचा ब्लॉक बोअर करून चौदाचा पिस्टन घालणारे पुष्कळ. मला ते पटतं, फक्त पिस्टनचं वजन वाढलं की थरथर वाढते हे धरून चालावं.

काही गोष्टींची मात्र मी कधीच अदलाबदल करत नाही. उद्यमनगरात कनेक्टिंगचे शेल बदलून मोकळे व्हायचो. इथं शेलच नाहीत, ॲल्युमिनियमचा रॉड थेट पिनवर फिरतो. रॉड आणि त्याची कॅप एकत्रच बोअर केलेली असते, त्यामुळे एकाची कॅप दुसऱ्याला लावली की भोक गोल राहत नाही. टॅपेटही ज्याचा त्यालाच. मी पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यांत खोचून ठेवतो.

शेवटी दहाचाच क्रँक १० थाऊ ग्राइंड करून घेतला, अंडरसाइज रॉड आणला. इंजिन चालू आहे. बाराचा क्रँक तेल लावून गोणपाटात गुंडाळून ठेवलाय. न फुटलेला के-३०१ चा ब्लॉक कुणाच्या नजरेस पडला, तर जरूर कळवा.