बिनपाण्याची हजामत

'बिनपाण्याने हजामत करणे' हा वाक्प्रचार मी वर्गात अनेकदा समजावून दिला आहे. एखाद्याची कडक शब्दांत खरडपट्टी काढणे, असा अर्थ फळ्यावर लिहायचा आणि पुढच्या वाक्प्रचाराकडे वळायचे. त्यातल्या 'बिनपाण्याने' या शब्दापाशी मी कधी थांबलो नव्हतो. गेल्या वर्षी वडिलांची दाढी करण्याची पाळी माझ्यावर आली आणि थांबणे भाग पडले.

अण्णांची सारी हयात वाणगावच्या वाडीत गेली. ढोबळी मिरची, तिखट मिरची, थोडे चिकू. अर्धांगवायूच्या झटक्याने त्यांचा उजवा हात गेला, वाचा अडखळू लागली. रक्त पातळ ठेवण्याची गोळी सुरू झाली, त्यामुळे ब्लेडचा एवढासा ओरखडाही बराच वेळ वाहत राही. मला सकाळची गाडी गाठायची असे. घाईने ब्रश फिरवायचा, चार हात मारायचे, तुरटी लावायची. दुसऱ्या आठवड्यापासून ब्रश दिसला की अण्णा तोंड भिंतीकडे करू लागले. रोज दाढी करून वाडीत जाणारा हा माणूस खुंट वाढवून पडून राहू लागला. ते मला पाहवेना.

मग मी आजच्या माणसाला सुचेल तेच केले. दाढीआधी लावायचे तेल मागवले. ज्याला 'प्री-शेव्ह' म्हणतात, त्याचे आता एक मोठे दालनच आहे. एरंडेल किंवा नारळाच्या तेलात सुगंधी अर्क मिसळलेली तेले, ग्लिसरीनची जेल, निलगिरी व मेन्थॉल घातलेली क्रीम. विजेच्या यंत्रासाठी मद्यार्कयुक्त लोशनही मिळते. पण त्याचे काम त्वचा कोरडी करून केस ताठ उभे करणे हे असल्याने ओल्या दाढीला ते उलटेच पडावे. मी आणलेल्या तेलाच्या बाटलीवर आश्वासने पुष्कळ होती. प्रत्यक्षात तेल लावलेल्या गालावर साबणाचा फेस बसला, ब्लेड घसरले आणि हनुवटीखाली पुन्हा रक्त आले.

त्या दिवशी अण्णा बऱ्याच दिवसांनी एक सलग वाक्य बोलले. शब्द जड होते, पण मला कळले. "वाफा न भिजवता रोप काढतोस होय?"

मिरचीची रोपे लावणीसाठी काढण्याआधी वाफ्याला पाणी देतात. माती मऊ झाली की रोप मुळासकट अलगद येते. कोरड्या वाफ्यातून ओढले तर मुळे तुटतात. लहानपणी त्यांनीच हे मला हात धरून शिकवले होते. आणि ते बोलताच मला आमच्या घरी येणारे नाभिक काका आठवले. धोकटी उघडण्याआधी ते पितळेची वाटी मागत. ओल्या बोटांनी अण्णांचे गाल चोळत राहत, गावाच्या बातम्या सांगत राहत. साबण फार नंतर येई आणि वस्तरा त्याहूनही नंतर. गप्पांत ते वेळ घालवतात असे आम्हा मुलांना वाटे.

रसायनशास्त्र त्यांच्याच बाजूचे आहे. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो. त्याच्या साखळ्यांना एकमेकींशी धरून ठेवणारे हायड्रोजन बंध पाण्याने सुटतात. केस फुगतो, मऊ पडतो आणि तो कापायला लागणारा जोर बराच कमी होतो. कोमट पाण्याची दोन-तीन मिनिटे यासाठी पुष्कळ झाली, पण ती द्यावी लागतात. तेल इतक्या वेळात केसात शिरत नाही. ते त्वचेवर निसरडेपणा आणते, आणि कोरड्या केसाला आधीच लावले तर पाण्याच्याच वाटेत येते. केस ही क्षुल्लक वस्तू नव्हे. पोलाद त्याच्याहून सुमारे ५० पट कठीण असूनही दाढीच्या केसाने पात्याच्या धारेचे सूक्ष्म टवके उडतात, हे अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिले आहे.

आमच्या घरी आणखी एक अडचण होती. बोअरचे पाणी जड. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी संयोग पावून चिकट साका करतात. फेस धरत नाही. फेसाचे मुख्य काम केसाभोवती पाणी धरून ठेवण्याचे, आणि तेच होत नव्हते. मी तेलाला दोष देत होतो, तेव्हा निम्मा दोष बादलीचा होता. दाढीपुरते पिण्याचे गाळलेले पाणी घेऊ लागलो आणि तोच जुना साबण दाट फेसाळला.

तरी तेलावर अन्याय नको म्हणून मी पारख करायची ठरवली. अण्णांवर ती करता येईना, कारण त्यांच्या उजव्या गालाला संवेदनाच कमी. तो गाल काय साक्ष देणार? म्हणून स्वतःच्या चेहऱ्यावर केली. एका गालाला कोमट पाण्याचे फडके आणि मग तेल, दुसऱ्याला नुसते फडके. आठवड्याने गाल बदलायचे. फडके तीन मिनिटे ठेवले की दोन्ही गालांत मला फरक सांगता येईना. फडके वगळले की तेलाने ब्लेड सरके खरे, पण केस ओढल्यासारखा लागे. अण्णांच्या वयाच्या कोरड्या, सुरकुतलेल्या कातडीला फडक्यानंतर ग्लिसरीनचा एक थेंब मात्र मानवतो. तेवढा मान त्या बाटल्यांना द्यायला हवा. त्या पाण्याच्या मदतीला येऊ शकतात, त्याची जागा घेऊ शकत नाहीत.

संत सेना महाराजांनी आपल्या व्यवसायाचे रूपक करून परमार्थ सांगितला. त्यात विवेकाचा आरसा आहे, वैराग्याचा चिमटा आहे, आणि डोई भिजवायला पाणी आहे ते शांतीचे. हे रूपक मी वर्षानुवर्षे शिकवत आलो. शांतीला पाणीच का म्हटले असेल, हे मला अण्णांच्या खाटेजवळ बसून उमगले. माझ्याकडे कमतरता तेलाची नव्हती, त्या तीन मिनिटांची होती. आणि ती मी एका बाटलीने भरून काढायला निघालो होतो.

असो. आता अण्णांची दाढी बुधवारी आणि रविवारी संध्याकाळी होते. त्या वेळी गाडी गाठायची नसते. फडके गालावर असताना मी त्यांना वाडीतल्या बातम्या सांगतो. तोंड भिंतीकडे जात नाही. फडके उचलले की डावा गाल ते आपणहून पुढे करतात.