कन्यागत

आजीला वय विचारलं की ती वर्षं सांगायची नाही. "सहा कन्यागतं झाली माझी," म्हणायची. माहेर वाईचं, लहानपण गणपती घाटाच्या पायऱ्यांवर गेलेलं. दर बारा वर्षांनी गुरू कन्या राशीत आला की गंगा कृष्णाबाईला भेटायला येते आणि वर्षभर राहते, एवढंच तिचं खगोलशास्त्र. आकाशातला गुरू तिने कधी ओळखला नसावा. त्याची खबर तिला घाटावर लागायची.

तिचं 'बारा वर्षं' मात्र ढोबळ. सूर्यसिद्धान्तात ४३,२०,००० वर्षांच्या महायुगात गुरूच्या ३,६४,२२० प्रदक्षिणा धरल्या आहेत. भागाकार करा, एका फेरीला ११.८६ वर्षं येतात. आजचा आकडाही तोच. दुर्बीण नसताना! दर फेरीला पन्नासेक दिवसांची तूट राहते, ती साचत जाते. हरिद्वारचा कुंभ २०२१ साली अकराव्याच वर्षी भरला, तो या तुटीपायी.

पण हिशेबापेक्षा मला त्या ग्रंथातल्या दोऱ्या जास्त आवडतात. शीघ्रोच्च, मंदोच्च आणि पात ही काळाची अदृश्य रूपं. ती वायूच्या दोऱ्यांनी ग्रहांना ओढतात, म्हणून ग्रह कधी भरभर चालतो, कधी रेंगाळतो, कधी वक्री होतो. हे वाचलं आणि सांगलीकडचा मामाचा मळा आठवला. मोटेचे बैल धावेवरून खाली उतरायचे, नाडा ताणला जायचा, मोट थारोळ्यात भळ्ळकन रिती व्हायची. मग तेच बैल तोंड न वळवता मागच्या पावलांनी धाव चढायचे. वक्री गती मला तिथे कळली. पुस्तकातली आकृती नंतरची. गुरू खरं तर मागे फिरत नाही, आपली पृथ्वी आतल्या वाटेने त्याला ओलांडते तेव्हा तसं भासतं, हे ठाऊक आहे. तरी वक्री म्हटलं की डोळ्यांपुढे बैलच येतात.

२००५ साली कन्यागत चालू असतानाच सांगलीला महापूर आला. घाटावर जायची गरजच उरली नाही, कृष्णाबाई जिन्यापर्यंत आली. शेजारी म्हणाले, गुरूचा कोप. २०१९ला पाणी त्याहून वर चढलं तेव्हा गुरू वृश्चिकेत होता. त्याच्यावर कशाला ढकलायचं?

मधल्या कन्यागतात, २०१७ साली, मी गच्चीवरून त्याच्यावर पाळत ठेवली. फेब्रुवारीत तो चित्रेजवळ होता. मग रोज पाहून काही कळेना, पण आठवड्याने पाहिलं की चित्रेपासून बोटभर मागे सरकलेला. जूनमध्ये थबकला. पुढे पावसाने आभाळ धरलं.

सप्टेंबरात एका संध्याकाळी उघडीप मिळाली. हरिपूरच्या झाडांवर, मावळतीला अगदी खाली, तो पुन्हा चित्रेशेजारी आला होता. बैल धावेला लागले होते. १२ तारखेला तो तुळेत गेला.